वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं : कॅम्परची बॅटरी मध्यरात्रीच का उतरते?

गेल्या अंकात घडीच्या कॅम्परबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या काय, पत्रांची रांगच लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गाडीमागे ओढायचा बुटका ट्रेलर, मुक्कामाला पोचल्यावर त्याचं छप्पर वर उचलायचं आणि बाजूच्या कापडी भिंती उलगडायच्या, त्याला पॉप-अप कॅम्पर म्हणतात. काही जणांनी व्हॅनचाच टप वर उचलणारा करून घेतलाय. वायरिंगच्या तक्रारी दोघांच्याही सारख्याच.

मी काही इंजिनियर नव्हे. डिचोली तालुक्यात खाणीच्या टिप्परांचं वायरिंग करत मोठा झालो, आता म्हापशाला छोटं गॅरेज आहे. थिअरी विचाराल तर पंचाईत होईल, पण मीटर वाचता येतो. त्यामुळे उत्तरं मीटरच्याच भाषेत देतो.

प्रश्न : मी पर्वरीचा निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी घडीचा कॅम्पर बांधून घेतला. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १०० ॲम्पिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी आणि १२ व्होल्टवर चालणारा ४० लिटरचा फ्रिज त्यात आहे. मे महिन्यात काणकोणला गेलो. अडीच तास गाडी चालवली, म्हणजे बॅटरी भरलेली असणार. रात्री आठला पोचलो आणि दोन वाजता फ्रिज बंद. सगळा इसवण (सुरमई) वाया गेला, घरच्यांचं बोलणं ऐकावं लागलं ते वेगळंच. दुकानदाराने दोनदा बॅटरी बदलून दिली, तरी तेच. आता तिसरी घेऊ का?

उत्तर : सर, तिसरी घेऊ नका. फोन केल्यावर तुम्ही कॅम्पर घेऊन आलात ते फार बरं झालं. त्या दिवशी आपण काय काय बघितलं ते इतरांसाठी लिहितो.

तुमचं गणित चांगलं, म्हणून आधी कागदावरचा हिशेब. असा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना साधारण साडेचार ॲम्पिअर ओढतो. मे महिन्याच्या उकाड्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरू. आठ ते दोन या सहा तासांत त्याचे झाले चौदा-एक ॲम्पिअर-अवर (एक ॲम्पिअर तासभर ओढला की एक ॲम्पिअर-अवर). पंख्याचे नऊ, दिव्यांचे तीन. एकूण सव्वीस. शंभराची बॅटरी भरलेली असती तर रात्री दोनला तिच्यात तीन-चतुर्थांश माल शिल्लक राहिला असता. मग फ्रिज बंद का पडला? एकतर बॅटरी मुळात भरलेलीच नव्हती, नाहीतर बॅटरीतला व्होल्टेज फ्रिजपर्यंत पोचतच नव्हता. तुमच्याकडे दोन्ही निघालं.

आठवतं ना, मी मीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर लावला? १२.३ आले. मग फ्रिज चालू ठेवून त्याच्या सॉकेटात लावला, तर ११.१. पाच मीटरच्या प्रवासात सव्वा व्होल्ट गायब! फ्रिजला बॅटरीची अवस्था कळते ती त्याच्या स्वतःच्या पिनेवर जेवढा व्होल्टेज येतो त्यावरून. त्याला वाटलं बॅटरी संपली, आणि गुणी पोरासारखा तो झोपला. त्यात त्याच्या बॅटरी-संरक्षणाचं बटण ‘हाय’वर होतं. ती पायरी गाडीची सेल्फ मारायची बॅटरी वाचवण्यासाठी असते, म्हणून ती लवकर तोडते. तुमची बॅटरी वेगळी आहे, मधली पायरी पुरे.

सव्वा व्होल्ट गेला कुठे? बांधणाऱ्याने दीड एमएमची वायर ओढली होती. चाकूने खरवडली तर वरून लाल, आत पांढरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. शुद्ध तांबं असतं तर जाऊन-येऊन दहा मीटरला अर्धा व्होल्ट पडला असता, या वायरीत पाऊण गेला. उरलेला सिगारेट लायटरच्या सॉकेटात. ते सॉकेट हाताला गरम लागत होतं आणि आतली पितळी पट्टी करपून तपकिरी झाली होती. एक स्प्रिंग, तिच्या जोरावर टेकलेली एक पिन, आणि तिच्यावर रात्रभर पाच ॲम्पिअर! दोन घटका फोन चार्ज करायला ते ठीक आहे, फ्रिजला नाही.

आपण सहा एमएमची तांब्याची वायर ओढली, सॉकेट काढून टाकलं, पिळून घट्ट बसणारा दोन पिनांचा कनेक्टर लावला. आता फ्रिज चालू असताना फरक पाव व्होल्टही नाही. एकूण खर्च नव्या बॅटरीच्या आसपासही गेला नाही, तो आकडा तुम्हीच घरी सांगा.

आता दुसरी गोष्ट, अडीच तास गाडी चालवल्याची. इंजिनवर फिरून वीज करणारा अल्टरनेटर १४ व्होल्टच्या वर देतो हे खरं, पण तुमच्या गाडीच्या बॉनेटपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत अडीच एमएमची आठ मीटर वायर आहे. त्यातून सुरुवातीला दहा-बारा ॲम्पिअर जातात, बॅटरी भरू लागली की सहा-सातवर येतात. अडीच तासांत पंधरा-वीस ॲम्पिअर-अवर आत गेले तर खूप. घरून अर्ध्या बॅटरीवर निघालात तर काणकोणला पोचेपर्यंत ती सत्तर टक्क्यांपर्यंत आली असेल, एवढंच. ट्यूब्युलर बॅटरीला घाई चालतही नाही. शंभराच्या बॅटरीला दहा ॲम्पिअरने रात्रभर भरायचं ही तिची सवय. शिवाय ती उघड्या झाकणांची, ॲसिडची, वजन तीस किलोच्या आसपास. घाटात हिंदकळते आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेखाली बंद पेटीत ती ठेवलेली बघून मी तुम्हाला जरा ओरडलो, राग मानू नका. निदान पेटीला बाहेर जाणारी नळी हवी.

आणखी एक, नव्या गाडीवाल्यांसाठी. बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांतला अल्टरनेटर शहाणा असतो. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो, इंधन वाचवायला. मागच्या कॅम्परला मग काहीच मिळत नाही. अशा गाडीला साधा रिले, म्हणजे गाडी चालू झाली की दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा स्विच, उपयोगाचा नाही, कॅम्परच्या बॅटरीजवळ डीसी-टू-डीसी चार्जर लावावा लागतो. तो समोरून कमी व्होल्टेज आला तरी बॅटरीला हवा तेवढा करून देतो.

बॅटरी किती भरली हे बघायचं तर तीन-चार तास तिला काहीही जोडू नका, चार्जरही नाही, दिवाही नाही. मग मीटर लावा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली की तिला त्रास सुरू झाला समजा. चार्जर काढल्या काढल्या मीटरवर १३ दिसतात, त्यावर जाऊ नका. ती वरवरची सूज असते.

प्रश्न : आम्ही दोघं आणि दोन मुलं. गेल्या डिसेंबरात आगोंदला एका होमस्टेच्या आवारात कॅम्पर लावला आणि त्यांच्याकडून वायर घेऊन चार्जर चालू केला. मुलगी अंघोळ करून अनवाणी आली, दरवाजाच्या कडीला हात लावला आणि ‘आई, मुंग्या आल्या’ म्हणाली. मी लावला तर मलाही झिणझिण्या. मिस्टर म्हणतात थोडा करंट येतोच, चप्पल घालायची. खरं का? (फोंडा)

उत्तर : ताई, मिस्टरांना हा अंक दाखवा. अजिबात खरं नाही. आजच्या सगळ्या पत्रांत मला भीती वाटली ती या एकाच पत्राची.

झालं असं असणार. हल्लीच्या चार्जरच्या आत, करंट शुद्ध करायला, फेज आणि न्यूट्रल दोन्हीपासून अर्थला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो, कुणाला कळतही नाही. अर्थ तुटलेला असेल तर तोच करंट कॅम्परच्या पत्र्यावर बसून राहतो आणि पत्रा जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर, शंभराच्या आसपास, तरंगतो. ओल्या पायांनी जमिनीवर उभं राहून हात लावला की मुंग्या. त्या मुंग्यांनी कुणी मरत नाही. पण त्या मुंग्या सांगतायत की अर्थ नाही. उद्या चार्जरच्या आतली फेजची वायर खरोखर सुटून पत्र्याला टेकली, तर मुंग्या येणार नाहीत, सरळ २३० व्होल्ट येतील आणि एमसीबी उडणारही नाही.

समुद्राकाठच्या जुन्या घरांत हे फार आढळतं. तीन भोकांचं सॉकेट दिसतं, वरचं मोठं भोक अर्थचं, पण मागे वायरच नाही. किंवा वायर आहे आणि खाऱ्या वाऱ्याने अर्थच्या खड्ड्यातली पट्टी केव्हाच कुजून गेलीय.

म्हणून दोन गोष्टी. कॅम्परमध्ये जिथे बाहेरची वायर येते तिथे ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि तिचं टेस्टचं बटण प्रत्येक मुक्कामाला एकदा दाबा. आणि वीज घेण्याआधी सॉकेट तपासा. सॉकेटात घालायचा तीन दिव्यांचा टेस्टर मिळतो, अर्थ नसेल तर तो लगेच सांगतो. अर्थ नाही असं दिसलं तर वायर घेऊ नका. एक रात्र बॅटरीवर काढा. मालकाला मात्र सांगा, त्याच्या घरातही लहान मुलं असतील.

आगोंदचं नाव काढलंत म्हणून आणखी एक. डिसेंबर म्हणजे कासवांच्या अंडी घालण्याचे दिवस. आगोंद, गालजीबाग, मोरजी, मांद्रे या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले येतात. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेला जातं, एरवी तो उजेड पाण्याकडे असतो. तुमच्या कॅम्परच्या बाहेरची पांढरी एलईडी पट्टी समुद्राच्या बाजूला असेल तर ती बंद. बॅटरी वाचेल हा वरचा फायदा.

प्रश्न : कॅम्परच्या छपरातल्या दिव्यांचा १०चा लाल फ्यूज सारखा उडतो. मेकॅनिकने ३०चा हिरवा घातला, आता उडत नाही. पण चोर्ला घाटात मुक्कामाला असताना जळका वास आला. काय असेल? (साखळी)

उत्तर : दादा, वायर जळतेय, आणखी काय असणार! फ्यूज हा दिव्यांसाठी नसतो, वायरीसाठी असतो. दहाला वितळणारा चौकीदार तुमच्या मेकॅनिकने घरी पाठवला आणि तिसाचा बसवला, आता आधी वायर वितळणार. तो हिरवा फ्यूज आज, हे वाचून झाल्याबरोबर, काढा.

मग असं करा. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि त्या फ्यूजच्या जागी खोचा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण वायरीतून पावणेदोन ॲम्पिअरपेक्षा जास्त जाऊ देणार नाही, म्हणजे जळण्याची भीती नाही. आता एकाला बल्बसमोर बसवा आणि तुम्ही छप्पर हळूहळू वर करा, खाली करा. बल्ब ज्या क्षणी भडकतो तिथे थांबा.

माझी पैज आहे, तो क्षण छप्पर बंद होताना शेवटच्या वीतभर अंतरात येईल. घडीच्या कॅम्परची ही जन्मखोड. छपराकडे जाणारी वायर उचलायच्या दांड्याबरोबर दुमडते, प्रत्येक मुक्कामाला दोनदा. साखळीच्याच एका गाडीत मी बघितलं होतं : बिजागरीच्या खाचेत वायर अडकून अडकून वरचं प्लास्टिक असं चपटं झालं होतं, जशी सुपारी अडकित्त्यात. आत फक्त तीन-चार तारा शिल्लक, त्यातली एक पत्र्याला शिवत होती. बाहेरून काळी टेप एकदम झकास.

तेवढा तुकडा कापा आणि बारीक तारांची मऊ वायर घाला. घरात वापरतात ती जाड एकेरी तारेची चालणार नाही, ती दुमडून मोडते. वरून नागमोडी प्लास्टिकची नळी चढवा आणि बिजागरीजवळ हातभर ढील सोडा. मग लाल फ्यूज परत.

प्रश्न : आमचा कॅम्पर जूनपासून दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभा असतो. सगळे स्विच बंद करून ठेवतो. तरी दरवर्षी दिवाळीत बॅटरी मेलेली. गेल्या तीन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या. वापरतच नाही तर मरते कशी? (वाळपई)

उत्तर : वापरत नाही म्हणूनच मरते, भाऊ. हे मी पुस्तकात नाही वाचलं, डोळ्यांनी बघितलं. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या भागात टिप्परांच्या रांगाच्या रांगा घरासमोर, शेतात, माडांखाली उभ्या राहिल्या. मालक म्हणायचे, चार महिन्यांत सुरू होईल. महिने गेले. मी एकेकाची बॅटरी बघायला जायचो तर मीटरवर सहा, सात, कधी चार व्होल्ट. झाकण उघडलं की आत प्लेटांवर पांढरी साय धरलेली. ते सल्फेट. बॅटरी रिकामी पडून राहिली की ते प्लेटांवर घट्ट बसतं, मग कितीही चार्ज करा, ती पाणी गरम करते, माल घेत नाही. रोज खाणीवर धूळ खात धावणाऱ्या बॅटऱ्या जास्त जगल्या होत्या. त्या एका पावसाळ्यात मी जेवढ्या बॅटऱ्या भंगारात पाठवल्या तेवढ्या आधीच्या पाच वर्षांत पाठवल्या नव्हत्या.

तुमचे ‘सगळे स्विच बंद’ हेही तपासू. गॅसगळतीचा अलार्म, म्युझिक सिस्टिमची मेमरी, सोलर कंट्रोलरचा डिस्प्ले, पंख्याच्या रिमोटचा रिसीव्हर, यांना स्विच नसतोच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मीटर १० ॲम्पिअरच्या जागी लावून तिच्या आणि टर्मिनलच्या मधे धरा. ८० मिलिॲम्पिअर दिसले तर वाटतं, हात्तिच्या! पण चोवीस तासांत ते दोन ॲम्पिअर-अवर होतात. पंचवीस दिवसांत शंभराची बॅटरी अर्धी, दीड-पावणेदोन महिन्यांत ठार. तुम्ही तिला पाच महिने ठेवता.

मीटर लावलेला असतानाच एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, तिथे चोर. मीटर मधे लावलेला असताना पंप किंवा फ्रिज मात्र चालू करू नका, मीटरचाच फ्यूज उडेल. हा मला माझ्या भाच्याने दोनदा उडवून दाखवलाय.

पावसाळ्याचा बंदोबस्त सोपा आहे. सिलिंडर काढून बाहेर ठेवा (तो आत असेल तर गॅसचा अलार्म बंद करू नका), बॅटरी पूर्ण भरा, निगेटिव्ह काढा. नुसतं निगेटिव्ह काढूनही ती आपोआप थोडी उतरतेच, उकाड्यात जास्त. म्हणून महिन्यातून एकदा चार्जर लावा. तारीख लक्षात राहत नाही, तर मी गिऱ्हाइकांना सण सांगतो : आषाढी, नारळी पौर्णिमा, अनंत चतुर्दशी, कोजागिरी. साधारण महिन्या-महिन्याच्या अंतराने येतात. चवथीला सांगत नाही, तेव्हा कुणाला वेळ असतो?

टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी आली असेल तर खायचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासा, झाकणांतून पाणी आत जाऊ देऊ नका, पुसून वाळवा, घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन, मग घट्ट करणारेही भेटतात. आणि वाळपईला उंदीर! शेडमध्ये उभ्या गाडीची वायर कुरतडतात. ऑक्टोबरात पहिल्यांदा स्विच दाबण्याआधी टॉर्च घेऊन खाली एकदा आडवे व्हा.

प्रश्न : १०० वॉटचं सोलर पॅनल छपरावर आहे. जाहिरातीप्रमाणे दिवसभर ऊन मिळाल्यावर फ्रिज कायम चालायला हवा, पण नाही चालत. मी लिथियम बॅटरी घ्यायच्या विचारात आहे. त्यावर इंडक्शन शेगडी चालेल का? मित्र म्हणतो चालते. (मडगाव)

उत्तर : चालते, पण किती वेळ ते मित्राने सांगितलं नाही. आधी सोलरचं. १०० वॉटचं पॅनल भर दुपारी साडेपाच ॲम्पिअरपर्यंत देतं, सकाळ-संध्याकाळ त्याहून बरंच कमी. हिवाळ्या-उन्हाळ्यात गोव्यात दिवसाला तीस-एक ॲम्पिअर-अवर मिळाले तर समाधान मानावं. छपरावर चिकटवलेलं पॅनल तापतं, तापलं की आणखी घटतं. वर पर्वरीच्या सरांचा हिशेब बघा, मे महिन्यात फ्रिजच दिवसाला पन्नासच्या वर खातो. एका पॅनलवर तो कायम चालणार नाही, दोन लागतील. जुलैत तर दोनही विसरा.

आणि तुम्ही कॅम्पर लावता कुठे? माडाखालीच ना? सगळेच लावतात, सावली हवी. पण पॅनलमधले सेल साखळीसारखे एकामागून एक जोडलेले असतात. माडाची एक झावळी आडवी पडली की चार-सहा सेल झाकले जातात आणि अख्खी साखळी अडते, निम्मं उत्पन्न जातं. पॅनल सुटं घ्या, दहा मीटर वायरीवर उन्हात ठेवा, तुम्ही सावलीत बसा. कंट्रोलर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलटं.

लिथियम चांगली बॅटरी आहे, मी विरोधात नाही. लोह-फॉस्फेटची घ्या. शंभराच्या शिशाच्या बॅटरीतले पन्नासच वापरावेत, हिच्यातले ऐंशी-नव्वद खुशाल वापरता येतात, आणि वजन दहा-बारा किलो. फक्त दोन सवयी बदला. व्होल्टमीटरवर विसंबू नका : ती जवळजवळ भरलेली असताना १३.३ दाखवते आणि बरीच उतरल्यावरही १३ च दाखवते, मग एकदम आतलं सुरक्षा-सर्किट तोडतं आणि मीटरवर शून्य. घाबरून लोक मेली म्हणून आणतात, चार्जर लावला की जागी होते. किती आत गेलं, किती बाहेर गेलं हे मोजणारा शंटवाला मीटर लावा. दुसरं, जुना शिशाच्या बॅटरीचा चार्जर लावू नका, विशेषतः ज्यात सल्फेट काढायची सोय आहे तो. तो १५ च्या वर व्होल्टेज मारतो.

इंडक्शन १२०० वॉटवर ठेवलीत तर इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून ११० ॲम्पिअरच्या आसपास जातात. बऱ्याच शंभराच्या लिथियम बॅटऱ्यांचं आतलं सर्किट १०० ॲम्पिअरलाच हात वर करतं. समजा जास्त ॲम्पिअर सोसणारी घेतलीत, अंगठ्याएवढी जाड केबल ओढलीत, बॅटरीजवळच मोठा फ्यूज बसवलात. तरी अर्ध्या तासात, घट धरून, सातशेच्या आसपास वॉट-अवर गेले. शंभराच्या बॅटरीत सगळे मिळून १२८० असतात. म्हणजे एका हुमणात (माशाच्या आमटीत) निम्म्याहून जास्त बॅटरी. भात अजून व्हायचाच आहे. गॅसवर करा हो.

प्रश्न : उजवा इंडिकेटर दिला की ट्रेलरचा टेल लॅम्पही लुकलुकतो आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो. नवीन फ्लॅशर घातला, फरक नाही. (पेडणे)

उत्तर : फ्लॅशर परत करा, दुकानदाराने घेतला तर. अर्थ गेलाय, म्हणजे इथे जमिनीतला नव्हे, बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर. करंटला घरी जायचा रस्ता मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतोय. सात पिनांच्या सॉकेटात पांढरी वायर, तीन नंबरची पिन. झाकण उघडून बघा, हिरवी झालेली असेल. पॉलिश पेपरने घासा, पिनेच्या चिरेत स्क्रू-ड्रायव्हर घालून ती किंचित फाकवा म्हणजे घट्ट बसेल. तरीही नाही सुधारलं तर ट्रेलरच्या चासीवर तीच पांढरी वायर जिथे बोल्टने कसलीय तिथला रंग खरवडा. रंगावर थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) कसणारे महाभाग आहेत.

प्रश्न : लाइट नीट लागत नाही. काय करावं? (वास्को)

उत्तर : कुठली लाइट? किती वाजता? गाडी चालू असताना की बंद? दिवा लावलेला असताना बॅटरीच्या टर्मिनलवर किती व्होल्ट आणि दिव्याच्या पिनांवर किती, हे दोन आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मीटर नसेल तर शेजारच्यांचा घ्या. पुढच्या अंकात तुमचा नंबर पहिला.